मालिशवाल्या मावशींचा रोज आणि घाणीचं तेल

गावात एखाद्या घरी बाळंतपण झालं आणि दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी आली, की पहिला निरोप कुणाला जातो? डॉक्टर झाले, आशाताई झाल्या, आता निरोप जातो मालिशवाल्या मावशीला. सव्वा महिना ती रोज सकाळी तुमच्या दारात येते. बाळंतिणीचं अंग रगडते, पाट मांडून पाय लांब करून बसते, बाळाला नडगीवर घेऊन तेल लावते, न्हाऊ घालते, शेक देते. शहरात हेच काम एजन्सीमार्फत होतं आणि महिन्याचे पैसे आगाऊ मोजले जातात. आपल्याकडे मात्र रोजंदारी ठरवायची म्हटलं की घरची मंडळी म्हणतात, "मावशी का परकी आहे? देऊ की बारशाला!"

कृषी पानावर हा विषय कशाला, असं काही वाचक म्हणतील. दोन कारणं आहेत. एक तर हे गावातलंच, हातावर पोट असलेल्या बाईचं कष्टाचं काम आहे आणि त्याची नोंद कुठंच होत नाही. दुसरं, या कामात लागतं ते तेल. तीळ, करडई, भुईमूग, खोबरं. ते तर आपलंच खातं!

आधी हिशोब बघू. मावशीला एका घरी बाळ-बाळंतीण मिळून दीड-दोन तास सहज जातात. पाणी तापवण्यापासून न्हाणीघर धुण्यापर्यंत सगळं त्यात आलं. दोन घरं केली की तिची अर्धी दुपार गेली, म्हणजे खुरपणीचा रोज बुडाला. सव्वा महिन्यानंतर हातात काय येतं? एक लुगडं, खण-नारळ, पायली-दोन पायली ज्वारी आणि घरधन्याच्या मनाला येईल तेवढी रक्कम. पूर्वी बलुत्यात खळ्यावरचं धान्य ठरलेलं असायचं, आता खळंच राहिलं नाही. हार्वेस्टर येतो आणि धान्य थेट पोत्यात जातं. मानपान राहिला, माप गेलं. माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्या शिवारात बाईमाणसाचा खुरपणीचा जो रोज चालू आहे, त्याचा निम्मा रोज एका घरामागं धरा, आठवड्याला हातावर ठेवा. लुगडं द्यायचं ते त्याशिवाय द्या, तो मान आहे. पहिल्याच दिवशी ठरवून टाका. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बैलजोडी भाड्यानं घेताना आपण ठरवतोच की.

आता तेलाचं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२० नवजात बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडईचं तेल, दुसऱ्याला खोबरेल आणि तिसऱ्याला बिनतेलाची मालिश. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिलिलिटर, असं पाच दिवस. तेलातली स्निग्धाम्लं बाळाच्या कातडीतून रक्तात उतरतात, हे त्यात दिसून आलं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही. उत्तरेकडं २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सव्वाशे तान्ह्या बाळांवर वेगवेगळी तेलं वापरून पाहिली, तिथं तिळाच्या तेलाचा वाढीवर आणि झोपेवर चांगला परिणाम दिसला. आपल्या आज्या काही उगीच तीळ-करडई सांगत नव्हत्या.

पण याचा अर्थ कुठलंही तेल चालतं असा नाही. कातडीतून चांगलं आत जातं, तसं वाईटही जातं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि जलशोथाची साथ आली, माणसं दगावली. पायाला सूज, धाप, हृदयावर ताण. हे तेल नुसतं अंगाला चोळूनही तशी लक्षणं आल्याची नोंद वैद्यकात आहे. पिवळा धोतरा तुम्हाला सांगायला नको, बांधावर, पडीक रानात काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा उभा असतो. तेव्हा सुट्टं, लेबल नसलेलं तेल बाळाच्या अंगाला नको. मोहरीचं तेल तर तान्ह्या कातडीला झोंबतंच, आणि आपल्याकडं त्याची रीतही नव्हती. आपल्या रानातला माल स्वतः निवडून, डोळ्यांसमोर घाणीवर काढून आणलेलं तेल सगळ्यात भरवशाचं. स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, खवट वास आला की चुलीजवळच्या दिव्याला वापरा, बाळाला नको. तव्यावर तापवलेलं उरलंसुरलं तळणीचं तेलही नको. असं करणारी घरं आहेत म्हणून लिहितो.

मावशींनो, तुमच्यासाठी

हे वाचून कुणीतरी मावशीला ऐकवा, कारण तिच्या हातात वर्तमानपत्र पडेलच असं नाही.

तुमचा हात चांगला, यात वाद नाही. पण काही जुन्या रीती सोडायला हव्यात. बाळाच्या नाकात, कानात तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. तान्ह्या बाळाची छाती थोडी सुजल्यासारखी दिसते, मुलगा असो की मुलगी, ती आईच्या रक्तातून आलेल्या रसामुळं असते आणि आपोआप उतरते. ती पिळून "दूध काढायचं" नाही, त्यातून गळू होतो. डोकं दाबून गोल करायचं नाही, नाक ओढून सरळ करायचं नाही. पायाला धरून उलटं टांगायचं नाही. डाळीच्या पिठानं लव काढायला खसाखसा घासलं तर कातडी सोलते आणि तिथं पू धरतो. नाळ पडेपर्यंत बेंबीला काहीही लावू नका, हळद नाही, राख नाही. काजळात शिसं असू शकतं, म्हणून तेही राहू द्या.

बंद खोलीत ओवा-शेपा टाकून धुरी देतात. वास चांगला येतो खरा, पण धूर तो धूरच. बाळाची छाती भरते. खोली उबदार ठेवा, धुरकट नको.

बाळ अडीच किलोच्या आत असेल तर आशाताईंना विचारल्याशिवाय न्हाऊ घालायची घाई करू नका. अशा बाळाला ऊब आणि आईचं दूध आधी, मालिश मागाहून. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या दिवशी त्यांची आणि तुमची गाठ पडेल अशी वेळ ठेवा. दोघी एकाच बाळासाठी येता, पण एक सकाळी आणि एक दुपारी, त्यामुळं बोलणं होत नाही.

बाळंतिणीचं म्हणाल तर शस्त्रक्रियेनं बाळंतपण झालं असेल तर पोट दाबणं, घट्ट बांधणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नको. पाठ, खांदे, पाय हलक्या हातानं चालतील. आणि ही एक गोष्ट लक्षात ठेवा. बाळंतिणीची एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती रगडायची नाही. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. तिथंच थांबा, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ताप असेल, अंगावरून जास्त जात असेल तरी तसंच.

नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवलेल्या, हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले. एका घरी बाळाला फोड आलेले असतील तर त्या घराचं काम शेवटी करा.

लकव्याला आधी मालिश नको

म्हाताऱ्या माणसांसाठीही मालिशवाला घरी बोलावला जातो. गुडघे, कंबर, ठीकच आहे. पण तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, की आपल्याकडं आधी गाडी निघते ती कुठल्या तरी लांबच्या गावच्या मालिशवाल्याकडं. इथं वेळ जातो. मेंदूतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटी स्कॅन करून. १०८ ला फोन करा, सोय कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारा, तिथं पोचा. मालिशीची, हातपाय हलवण्याच्या व्यायामाची गरज पुढं लागतेच, महिनोनमहिने लागते. ते फिजिओथेरपीवाल्यांकडून घरच्या माणसानं शिकून घ्यावं आणि मग मालिशवाल्यालाही तसंच करायला सांगावं.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब) यांना एवढंच सांगणं आहे. गावात अशा मावश्या फार तर चार-सहा असतील. त्यांची नावं काढा. महिला व बालकल्याणासाठी जो दहा टक्के निधी राखायचा असतो, त्यातून आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला बोलावून त्यांची एक दिवसाची बैठक घेता येईल. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी १६ ते ५९ वयापर्यंत होते, २०२१ पासून सुरू आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. बऱ्याच मावश्या पन्नाशी ओलांडलेल्या आहेत, म्हणून उशीर नको. साठीच्या पुढच्या मावशीची ही संधी गेली, पण सुरक्षा विमा योजनेचं अपघाती कवच ७० वर्षांपर्यंत मिळतं, वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात. श्रमयोगी मानधन पेन्शन चाळिशीच्या आतच सुरू करता येते, ती त्यांच्या सुनांसाठी बघा. शेतमजूर म्हणून नोंद झालेलीच असेल, तर ती तरी तपासून घ्या. मालिश करणाऱ्या बाईला आपण कामगार आहोत हेच ठाऊक नसतं. गुडघे आणि अंगठे मात्र झिजलेले असतात, पाटावर बसून बसून.

तेलासाठी म्हणाल तर घरापुरती करडई लावायला फार जमीन लागत नाही. कोरडवाहू रब्बीत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओल बघून पेरा, एकरी चार ते पाच किलो बी पुरतं, ४५ सेंटिमीटरवर ओळी, नंतर विरळणी करून रोपात २० सेंटिमीटर अंतर. भीमा, फुले कुसुमा, परभणी कुसुम या जाती आपल्याकडं चालतात. सोलापूर आणि परभणीच्या केंद्रावर बियाण्याची चौकशी करा. मावा पडतो, थंडीत ढगाळ वातावरण आलं की रोज सकाळी पिकात फेरी मारा. आणि ज्या बांधावर पिवळा धोतरा उभा आहे, तो फुलावर येण्याआधी उपटून टाका, बी करडईत मिसळता कामा नये.