पाचशेंचा हॉल, एकशे सत्तर खुर्च्या

करोल बागेतला मराठी माणूस म्हटलं की आधी गलाईवाले आठवतात. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून आणि साताऱ्याच्या माण-खटावकडून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली ही मंडळी. त्यांच्याबरोबर गणपती आला, मंडळं आली, शिवजयंती आली. आणि शिवजयंतीच्या बैठकीत कोणीतरी उठून म्हणतंच, ‘‘या वर्षी नुसते हार-तुरे आणि भाषणं नकोत. राज्याभिषेकाचा प्रसंग उभा करू. मावळे, दांडपट्टा, लाठीकाठी, सगळं!’’

कल्पना चांगलीच आहे. दिल्लीच्या मातीत तर तिला जास्तच अर्थ आहे. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीरावाची फौज ज्या तालकटोऱ्यापाशी येऊन ठेपली, ते करोल बागेपासून हाकेच्या अंतरावर. १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट याच शहरात. घोळ होतो तो हिशेबात. दरवर्षी तेच गैरसमज, दरवर्षी तोच शेवटच्या आठवड्यातला वर्गणीचा फेरा.

‘‘हॉल पाचशे माणसांचा आहे, म्हणजे पाचशे माणसं बसतील.’’

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. हॉलवाला खोटं बोलत नाही, तो खुर्च्या मोजून बोलतो. राष्ट्रीय इमारत संहितेत सभागृहासाठी खुर्च्या मांडल्या असतील तर माणशी ०.६ चौरस मीटर आणि उभं राहण्याची किंवा जेवणाची जागा असेल तर माणशी १.५ चौरस मीटर असा हिशेब धरतात. तोही मुळात बाहेर पडण्याच्या वाटा किती रुंद हव्यात हे ठरवण्यासाठी. ऐसपैस बसण्यासाठी नव्हे. ३०० चौरस मीटरच्या हॉलला ०.६ ने भागलं की पाचशे येतात. झाला पाचशेंचा हॉल.

आता त्यात दांडपट्टा आणा. लांब, लवचीक पातं, मूठ कोपरापर्यंत झाकणारी, आणि फिरवणारा स्वतःभोवती गरगर फिरणारा. चार-पाच जणांचा खेळ नीट दाखवायचा तर १० बाय १० मीटरची जागा लागते. पाठीमागे पडदा धरला तरी उरलेल्या तीन बाजूंना प्रेक्षक आणि पातं यांच्यात निदान दोन मीटर मोकळे हवेतच. म्हणजे १४ बाय १२, एकूण १६८ चौरस मीटर गेले. उरले १३२. चहा-फराळाच्या टेबलांना तीस द्या. उरलेल्या १०२ चौरस मीटरमध्ये खुर्च्या बसतात १७०. मधल्या वाटा नीट सोडल्या तर त्याहूनही कमी. पहिल्या रांगेत हमखास लहान मुलं येऊन बसतात, त्यामुळे त्या दोन मीटरांत काटकसर करू नये, एवढंच सांगतो.

तेव्हा आधी खेळाची जागा आखायची, मग माणसं मोजायची. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

‘‘जितकी जास्त माणसं, तितका माणशी खर्च कमी.’’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. एका हॉलच्या मर्यादेत ते बरोबर. समजा भाडं, वीज, सफाई, ध्वनिव्यवस्था आणि पोशाख मिळून ठरलेला खर्च साठ हजार, आणि फराळ-पाण्याचा माणशी दीडशे. १०० माणसं आली तर माणशी साडेसातशे पडतात, १७० आली तर साधारण पाचशे तीन. इथवर गर्दी फायद्याची. पण १७१ वा माणूस त्या हॉलमध्ये बसत नाही. त्याच्यासाठी मैदान घ्यावं लागतं. मग मंडप, जनरेटर, फिरती शौचालयं, पहारेकरी, मोठे स्पीकर. हा ठरलेला खर्च समजा दोन लाख चाळीस हजारांवर गेला. तिथे अडीचशे माणसं आली तर माणशी अकराशे दहा! पुन्हा पाचशे तीनवर यायला ६८० माणसं लागतील, म्हणजे बरोबर चौपट. खर्च हळूहळू चढत नाही, एकदम उडी मारतो. ‘थोडी जास्त माणसं बोलवू’ हा निर्णय खरं तर ‘चौपट माणसं जमवू’ असा असतो, आणि तो बैठकीत कोणी या शब्दांत मांडत नाही.

बँक्वेट हॉलचं गणित आणखी वेगळं. दिल्लीत बरेच बँक्वेटवाले भाडं सांगतच नाहीत, ‘पर प्लेट’ सांगतात, आणि कमीत कमी इतक्या प्लेटची हमी लिहून घेतात. दोनशेंची हमी दिली आणि माणसं आली एकशे तीस, तर सत्तर जणांचं न जेवलेलं जेवण मंडळाच्या माथी. सातशे रुपये प्लेट धरा, ४९ हजार गेले. वर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी बैठकीत कोणाच्या लक्षात नसतो. परत मिळणारी अनामत रक्कमही ‘खर्च नाही’ म्हणून सोडून देतात, पण कार्यक्रमाच्या दिवशी ती खिशातून गेलेलीच असते. आणि पडदा, सिंहासन, मेघडंबरी लावायला आदली रात्र हवी. ती रात्र भाड्यात धरली आहे का, हे लेखी विचारावं.

‘‘मोकळं मैदान स्वस्त पडतं’’ याचं उत्तर वर येऊन गेलं. त्यात दोन गोष्टींची भर. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस मंडळ ठरवत नाही. बंदिस्त सभागृहाला नियमात वेगळी वाट आहे. करोल बागेतली दुकानं बंद करून माणूस घरून कपडे बदलून येईपर्यंत नऊ वाजतात. म्हणजे मैदानावर राज्याभिषेक एका तासात उरकायचा. दुसरी गोष्ट उन्हाची. राज्याभिषेक ६ जूनचा, म्हणून कार्यक्रमही दिल्लीत ६ जूनला, भर दुपारी, उघड्यावर, हा हट्ट कोणी धरू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हामुळे १४ माणसं दगावली. तो एप्रिल होता, आणि ती कोकणपट्टी होती.

तारखेचं बोलणं निघालंच आहे, तर शिवजयंतीचा जुना वाद इथे पैशांत मोजता येतो. १९ फेब्रुवारीला दिल्लीत हवा सुरेख असते, पण लग्नांचे ‘साये’ ऐन भरात असतात. हॉल मिळाला तरी दर चढा. शिवाय सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यालाच सुरू होतात, त्यामुळे दहावी-बारावीची मुलं मावळे म्हणून मिळत नाहीत. तिथीची जयंती फाल्गुन वद्य तृतीयेची. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सूर्य मीन राशीत असताना उत्तरेत खरमास पाळतात, लग्नं नसतात, आणि हॉलवाला रिकामा बसलेला असतो. २०२४ मध्ये तिथी आली २८ मार्चला, २०२५ मध्ये १७ मार्चला. दोन्ही वेळा खरमासात. पण २०२६ ची ६ मार्च त्यात येत नाही. कोणती जयंती खरी याचा निकाल मी देत नाही. पंचांग उघडून दोन्ही दिवसांचे दर मागवावेत, इतकंच म्हणतो.

वाराचंही तसंच. सोमवारी करोल बागेचा बाजार बंद, म्हणून आपली माणसं मोकळी. पण सोमवारी सगळा परिसर सुनसान असतो हा समज मात्र खोटा. अजमल खाँ रोडला त्या दिवशी पटरी बाजार भरतो आणि गर्दी तीच राहते. प्रेक्षकांना मेट्रोनेच यायला सांगावं. गाडी लावायला जागा आहे असं कोणी म्हणालं तर त्याला आदल्या सोमवारी ती दाखवायला सांगावी.

आगीच्या परवानग्या हा ‘‘हॉलवाल्याचा प्रश्न’’ आहे असं मानणाऱ्यांना करोल बागेत तरी आठवण करून द्यायला नको. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे गुरुद्वारा रोडवरच्या हॉटेल अर्पित पॅलेसला आग लागली आणि १७ माणसं गेली. अग्निशमन दलाचा दाखला चालू आहे का, दुसरा दरवाजा उघडा आहे का की त्याच्यासमोर गाद्या रचल्या आहेत, हे आगाऊ रक्कम देण्याआधी स्वतः जाऊन पाहावं. आणि मशाली? प्रसंगाला मशाल शोभते हे मान्य, पण पडदे आणि मांडवाच्या कापडाखाली जळती मशाल नकोच. दिव्याच्या मशाली मिळतात, फोटोत फरकही कळत नाही.

‘‘तलवारी शोभेच्या आहेत, त्याला काय होतंय?’’ धार नसलेल्या असतील तर ठीक. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत, आणि मिरवणुकीत ती शोभेची आहेत हे पोलिसांना पटवणं आपल्याकडे येतं. घोड्याचंही तेच. वरातीची घोडी करोल बागेत कधीही मिळते, पण प्रयोगात जनावर वापरायचं तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हत्ती तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला.

हत्तीचा विषय निघतो तो ‘जाणता राजा’मुळे. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं हे महानाट्य १९८५ पासून चालत आलं; शेकडो कलाकार, हत्ती, घोडे, उंट. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते हिंदीतून लाल किल्ल्यावर झालं. ते पाहून आलेला माणूस करोल बागेत तसंच काहीतरी मागतो. पण त्या प्रयोगाचं मोठेपण मैदानाला साजेसं बांधलेलं आहे. हॉलमध्ये त्याची छोटी नक्कल केली की फक्त नक्कल उरते. जवळून पाहिलेला पट्टा आणि आठ-दहा माणसांचा नीट बसवलेला दरबार यांना हॉलच हवा.

बाहेरच्या देशांतही इतिहास उभा करण्याची हौस अशीच लहान जागेत सुरू झाली. मध्ययुगीन युरोपातल्या लढाया आणि दरबार हौसेने उभे करणारी अमेरिकेतली सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम १ मे १९६६ ला बर्कलीमध्ये एका घराच्या परसात सुरू झाली. पुढे बाग आरक्षित करायची तर अर्जावर संस्थेचं नाव हवं, म्हणून ते लांबलचक नाव ठेवलं गेलं! आज त्यांच्या पेन्सिल्व्हेनियातल्या ‘पेन्सिक वॉर’ला दहा हजारांवर माणसं तंबू ठोकून राहतात. जो येतो तो नोंदणी करून, पैसे भरून येतो.

आपल्याकडे इथेच घोडं अडतं. ‘‘तिकीट लावलं तर कोणी येणार नाही, फुकट ठेवलं तर सगळे येतील.’’ फुकट ठेवलं तर किती येतील हे कळत नाही, अडचण ती. एकशे सत्तर खुर्च्यांच्या हॉलमध्ये साठही येतात आणि चारशेही. नावानिशी पास आणि शंभर-दोनशे रुपये घेतले तर आठवडाभर आधी आकडा हातात येतो, प्लेटची हमी त्यावर देता येते. कराचीही भीती नको: नाटक, संगीत, अशा देखाव्यांचं माणशी पाचशे रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे.

आणि चारशे माणसांनी पास मागितले तर मैदान शोधू नये. त्याच सोमवारी, त्याच हॉलमध्ये दोन प्रयोग करावेत, चार वाजता आणि सात वाजता. ठरलेला खर्च साठ हजारांचा सत्तर होईल. ३४० माणसांवर वाटला तर फराळासकट माणशी साधारण तीनशे छप्पन्न. उरलेल्या साठ जणांना पुढच्या वर्षीचे पास आधी द्यावेत. मधल्या वेळात खुर्च्या पुसायला दोन माणसं ठेवावीत आणि पट्टेकऱ्यांना निदान तासभर मनगट सैल सोडू द्यावं.