मनीचा राग गादीवर निघतो?

गणपतीला गावी गेलेलं कुटुंब पाचव्या दिवशी घरी परततं. शेजारच्या काकूंनी मनीला दोन्ही वेळा खाणं-पाणी दिलेलं असतं. तरी दार उघडताच तो ओळखीचा उग्र वास येतो आणि गादीवर, नेमकं आईच्या बाजूला, ओलं वर्तुळ सापडतं. निकाल तिथल्या तिथे लागतो: "एकटं टाकून गेलो ना, त्याचा सूड!" फिनेलची बाटली निघते. मनीचं बखोट धरून तिचं नाक गादीला लावलं जातं, वर दोन चापट्या. आठवड्याभरात गादी पुन्हा तिथेच ओली होते.

या प्रसंगात हेतूचा अंदाज चुकला, सफाई चुकली आणि शिक्षाही चुकली. पाच दिवसांत ट्रे किती वेळा उपसला, हे मात्र काकूंना कुणी विचारलंच नाही. मांजर ट्रेबाहेर शू करतं तेव्हा आपण त्याच्या मनात शिरायला बघतो. शोधायचं असतं ते त्याच्या शरीरात, ट्रेमध्ये आणि घरात.

गैरसमज : मांजर मुद्दाम, सूड म्हणून शू करतं.

वस्तुस्थिती : सूड घ्यायचा तर मनीला आधी हे कळायला हवं की तिच्या लघवीची माणसांना किळस वाटते. मांजराला स्वतःच्या लघवीची किळस नसते. तो वास म्हणजे त्याची ओळख असते. मग गादीच का? गादी मऊ असते, ओल शोषते, जमिनीपासून उंच असल्याने चहूकडे नजर ठेवता येते आणि तिला घरच्या माणसांचा वास असतो. धास्तावलेल्या मांजराला अशी जागा सुरक्षित वाटते. माणसं दूर गेली की अस्वस्थ होणाऱ्या मांजरांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात भलत्या जागी शू करणाऱ्या मांजरांपैकी तीन-चतुर्थांश मांजरांनी मालकाचा बिछानाच निवडला होता. आपण जिला सूड म्हणतो, ती बहुतेकदा घाबरगुंडी असते.

धुवायच्या कपड्यांचा ढीग, पायपुसणं आणि सोफ्याची उशी यांचीही गत तीच. पायांखाली मऊ लागतं आणि ओल लगेच जिरते. ट्रेमधल्या मातीकडून मांजराची एवढीच अपेक्षा असते.

गैरसमज : ही खोड आहे, डॉक्टरकडे न्यायची गरज नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. वर्षानुवर्षं ट्रे नीट वापरणारं मांजर अचानक बाहेर शू करू लागलं, तर पहिली शंका आजाराची घ्यावी. माणसाला उन्हाळी लागते तशी मांजरालाही लागते. शू करताना जळजळ झाली की ते दुखणं त्याच्या डोक्यात ट्रेशी जोडलं जातं. मग ते दुखणार नाही अशी जागा शोधत फिरतं. कधी ती न्हाणीघरातली गार फरशी असते, कधी बेसिन.

दहा वर्षांच्या आतल्या मांजरांमध्ये अशा तक्रारींमागे बहुतेकदा मूत्राशयाची एक सूज सापडते. तिचं नेमकं एक कारण हाती लागत नाही. जंतुसंसर्ग या वयात क्वचितच असतो, म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही. या सुजेचा ताणाशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. लपायला जागा, चढायला उंची, खेळ आणि खाण्यापिण्याच्या ठरलेल्या वेळा मिळाल्या की अशा मांजरांचा त्रास कमी होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे दिवाळीचे फटाके, घराचं रंगकाम, नवं बाळ, पाहुण्यांचा राबता या गोष्टी मांजराच्या थेट मूत्राशयाशी येऊन भिडतात.

म्हाताऱ्या मांजराची कारणं वेगळी. मूत्रपिंडं थकली, मधुमेह झाला किंवा थायरॉइड वाढलं की तहान आणि लघवी दोन्ही वाढतात आणि कालपर्यंत पुरणारा ट्रे आज पुरत नाही. सांधेदुखीची तर कुणाला शंकाही येत नाही, कारण मांजर लंगडत नाही, ते नुसतं उडी मारणं सोडतं. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा त्यांतल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली होती. अशा मांजराला ट्रेचा उंच काठ म्हणजे रोजचा डोंगर.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय, लिंग चाटतोय आणि शू थेंबभर येतेय किंवा येतच नाही, तर तो तातडीचा प्रसंग आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खड्यांचा चुरा आणि चिकट स्राव यांचं बूच त्यात अडकतं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ झालं असेल म्हणून एरंडेल पाजत सकाळची वाट पाहण्यात बोके दगावतात. रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. आणि दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधीच द्यायची नाही. मांजराला ती विषासारखी असते.

याच्याच जोडीचा उलटा उपाय म्हणजे शू कमी व्हावी म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणं. घरमांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यामुळे त्याची लघवी मुळात दाट आणि तहान मंद. कोरड्या दाण्यांत पाणी सुमारे १० टक्के असतं, ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. मूत्राशय दुखरं असलेल्या मांजराच्या पोटात पाणी जास्त जायला हवं.

गैरसमज : ट्रे ठेवलाय ना घरात, तो वापरायचा की नाही, हा तिचा प्रश्न.

वस्तुस्थिती : मांजरासाठी ट्रे ही तशी अलीकडची सोय आहे. पूर्वी घराबाहेरची माती होती, घरात ठेवली तर राख किंवा वाळू. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो या तरुणाकडे एका शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली. त्याने कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती माती दिली. ती एवढी आवडली की पुढे 'किटी लिटर' नावाने तिचा मोठा धंदा उभा राहिला. ओली झाली की गोळा होणारी माती बाजारात आली ती १९८०च्या दशकात. तो गुण बेंटोनाइट या चिकणमातीचा, आणि आपल्याकडे कच्छमध्ये तिचे मोठे साठे आहेत.

बाजारातले ट्रे मात्र बहुतेकदा माणसाच्या सोयीने बनतात. तज्ज्ञांचा ठोकताळा असा की नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट ट्रे हवा. साधारण ४६ सेंटिमीटरच्या मांजराला तो जवळपास ७० सेंटिमीटरचा लागेल. दुकानातला छोटा ट्रे पिल्लाला पुरतो. मांजर मोठं होतं आणि ट्रे तेवढाच राहतो. मग चारही पाय आत असतात आणि धार बाहेर पडते. बिचारं मांजर नियम पाळतच असतं! पांघरुणं ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा खोका आणावा आणि एका बाजूने काठ कापून खाली घ्यावा. स्वस्तात उत्तम ट्रे तयार होतो, म्हाताऱ्या सांध्यांनाही तो सोपा पडतो.

माती बारीक, मऊ आणि बिनवासाची असावी. लव्हेंडर किंवा गुलाबाचा वास आपल्यासाठी घातलेला असतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, त्यात झाकणाच्या ट्रेमध्ये तो वास कोंडला की त्याला आत जाववत नाही. झाकणाचं म्हणाल तर २०१३ साली केलेल्या एका चाचणीत बहुतेक मांजरांनी झाकलेला आणि उघडा ट्रे सारखाच वापरला. दोन्ही ट्रे रोज साफ होत होते. झाकणाचा खरा तोटा असा की घाण आपल्या नजरेआड होते आणि उपसायची राहते. रोज निदान एकदा, शक्यतो दोनदा गोळे काढावेत. हेच हिशेबाचं साधनही आहे. निरोगी मांजराचे रोज साधारण दोन ते चार गोळे निघतात. ते एकदम वाढले, बारके झाले किंवा नाहीसे झाले की आजार लवकर लक्षात येतो. कंपनी बदलायची असेल तर नवी माती जुन्यात थोडी थोडी मिसळत न्यावी.

जागेचा प्रश्न फ्लॅटमध्ये सगळ्यात अवघड. ट्रे हमखास ड्राय बाल्कनीत जातो, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मशीन पिळणीवर आल्यावर मांजर आत असेल, तर ते त्या जागेची धास्ती घेतं. पावसाळ्यात तिथे वाऱ्याने शिंतोडे येतात, आणि भिजलेल्या मातीत पाय ठेवायला कोणत्याच मांजराला आवडत नाही. ट्रे शांत जागी, जेवणाच्या भांड्यापासून लांब आणि निसटायला वाट राहील असा ठेवावा. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त असा नियम सांगतात. वन बीएचकेमध्ये दोन मांजरांना तीन ट्रे जमले नाहीत, तरी निदान दोन ट्रे दोन वेगळ्या ठिकाणी हवेत. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच. दांडगा बोका दाराशी बसून एकाच वेळी दोन्हींवर पहारा देतो.

गैरसमज : बोका भिंतीवर मारतो ती पण शूच; एकच उपाय चालेल.

वस्तुस्थिती : आधी डाग कुठे आहे ते पाहावं. बसून, आडव्या जागेवर केलेलं मोठं थारोळं ही शू. उभं राहून, शेपूट ताठ करून थरथरवत, दारावर, पडद्यावर किंवा नव्या बॅगेवर मारलेली लहानशी पिचकारी ही खूण. शूचं उत्तर शरीरात किंवा ट्रेमध्ये सापडतं, खुणेचं उत्तर हद्दीत. खिडकीखाली सोसायटीचा दुसरा बोका फिरत असला की घरातला बोका पडदा भिजवतो. अशा वेळी खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकणं हा खरोखरीचा उपाय ठरतो.

नसबंदी न केलेल्या बोक्याच्या लघवीचा वास एवढा उग्र का? त्याच्या लघवीत फेलिनिन हे अमिनो आम्ल पुष्कळ असतं आणि ते विघटित झालं की गंधकयुक्त वास सुटतो. त्यामागचं कॉक्सिन हे प्रथिन जपानी संशोधकांनी ओळखलं. नसबंदीनंतर फेलिनिन घटतं, वास सौम्य होतो आणि पिचकाऱ्याही बहुतेक बोक्यांत थांबतात किंवा खूप कमी होतात. तरी ती जादू नव्हे: नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के आणि मांजरींपैकी सुमारे ५ टक्के पुढेही खुणा करतात. हो, मांजरीसुद्धा करतात, आणि नसबंदी न झालेल्या तर विशेषतः माजावर असताना.

गैरसमज : फिनेलने पुसलं की झालं.

वस्तुस्थिती : फिनेलचा वास आपल्या नाकासाठी लघवीवर पांघरूण घालतो. मांजराला खालचा वास येतच राहतो आणि 'जागा हीच' अशी खात्री पटते. वर धोकाही आहे. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार दुबळी असते. फरशीवरून पंजाला लागलेलं फिनेल चाटण्यातून पोटात जातं. अमोनिया असलेली द्रव्यंही नकोत. शिळ्या लघवीतही अमोनियाच असतो. ब्लीच लघवीवर ओतलं तर त्रासदायक वाफा निघतात.

ओल आधी जुन्या कपड्याने दाबून टिपावी, घासू नये. मग प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रव्य मुरू द्यावं. ते नसेल तर एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवून वापरावी आणि साध्या पाण्याने पुसून घ्यावं. जुने डाग रात्री दिवे घालवून, नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली चमकताना दिसतात. पावसाळी दमट हवेत वास पुन्हा उठला, तर असाच एखादा डाग राहून गेलेला असतो. संत्र्याची सालं आणि व्हिनेगर यांनी फार तर जागा बदलते. आज गादी, उद्या सोफा.

गैरसमज : नाक घासलं, दोन फटके दिले की कळतं.

वस्तुस्थिती : तासाभरापूर्वीची शू आणि आत्ताचा फटका यांचा संबंध मांजर जोडत नाही. तुमच्या हाताशी मात्र जोडतं. भीती वाढते, भीतीने मूत्राशयाची सूज बळावते आणि शू तुमच्या पाठीमागे, कपाटाआड होऊ लागते. शिकवलेला धडा एवढाच.

तेव्हा पुढच्या गणपतीला निघण्यापूर्वी काकूंच्या हाती घराची किल्ली आणि खाऊची पिशवी देताना स्कूपरही द्या. दुसऱ्या खोलीत एक जादा ट्रे मांडा, गादीवर प्लॅस्टिकचं आवरण घाला आणि मनीजवळ तुमची न धुतलेली एक चादर राहू द्या. परतल्यावर तरीही गादी ओली दिसली, तर मनीकडे बोट दाखवण्याआधी ट्रेमधले गोळे मोजा. ते कमी भरले, तर तिला घेऊन डॉक्टरकडे निघा.