शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधकाचे मोल

विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकपदासाठी आलेल्या अर्जांची छाननी करताना निवड समितीपुढे दोन आकडे हटकून येतात. उमेदवाराचे शोधनिबंध किती, हा एक. आणि इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार किती वेळा नमूद केला, हा दुसरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत शोधनिबंधांना गुण नेमून दिले, तेव्हापासून महाविद्यालयांतही या मोजदादीला महत्त्व आले. हे आकडे कसे तयार होतात, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

संदर्भांची पद्धतशीर नोंद अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी सुरू केली. फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध केली. एखाद्या निबंधानंतर त्या विषयात पुढे काय काम झाले याचा माग काढता यावा, हा तिचा मूळ हेतू होता. माणसे तोलण्यासाठी तिचा वापर नंतर होऊ लागला.

सध्या सर्वाधिक बोलबाला आहे तो ‘एच-निर्देशांका’चा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी तो २००५ मध्ये सुचविला. समजा, एका संशोधकाच्या सात निबंधांना उतरत्या क्रमाने ४०, १८, ९, ५, ५, २ आणि ० संदर्भ मिळाले आहेत. पाचव्या निबंधाला पाच संदर्भ आहेत, सहाव्याला मात्र सहा नाहीत; म्हणून निर्देशांक ५. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० संदर्भ मिळाले असते, तरी निर्देशांक पाचच राहिला असता! सातत्य त्यात दिसते, असामान्य कार्य मात्र झाकले जाते. शिवाय हा आकडा सहसा घटत नाही. तेव्हा तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी त्यावरून तुलना करणे अन्यायाचे होय.

विद्युत अभियांत्रिकीत पुष्कळसे नवे संशोधन प्रथम परिषदांत मांडले जाते. कोणती सूची किती परिषदा जमेस धरते, त्यानुसार एकाच व्यक्तीचे ‘स्कोपस’ व ‘गूगल स्कॉलर’ येथील आकडे वेगळे येतात. बिनतारी संदेशवहनासारख्या गजबजलेल्या शाखेतील संदर्भसंख्या उच्चदाब विद्युतरोधनाच्या अभ्यासकास कोठून मिळणार? जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये संकलित मंडल तयार केले आणि त्यासाठी २००० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावावर साठांहून अधिक पेटंट होती. निबंधांच्या मोजदादीत पेटंटांना स्थान नसते.

विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संघटनेने २०१३ मध्ये याबाबत आपली भूमिका जाहीर केली. व्यक्तीच्या कार्याचे मूल्यमापन प्रामुख्याने त्या विषयाच्या तज्ज्ञांनी करावे आणि केवळ नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची प्रत ठरवू नये, असे तीत म्हटले आहे. समितीला एवढे तरी सहज करता येईल: स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून आकडा मागवावा, ‘स्कोपस’मध्ये तशी सोय आहे. दोन स्नेह्यांनी परस्परांना दिलेले संदर्भ मात्र त्या चाळणीत अडकत नाहीत. ते ओळखण्यासाठी निबंधच उघडून वाचावे लागतात.