मनाचा दवाखाना किती लांब?

वर्गातल्या मुलाला थंडी वाजून ताप आला तर काय करायचे, हे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. रक्त तपासायचे, गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, आशाताई घरी जाऊन बघते. हा रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. पण नववीतली एखादी मुलगी महिनाभर गप्प असते, डबा न उघडता परत नेते, वही कोरीच ठेवते. अकरावीतला एखादा मुलगा रात्र रात्र जागतो आणि सगळे आपल्याविषयीच कुजबुजतात असे सांगतो. अशा वेळी कुठे जायचे? कोणी म्हणते, वयच तसे आहे. कोणी म्हणते, बाहेरचे असेल. कोणी म्हणते, नागपूरला न्या. या तीन सल्ल्यांत महिने निघून जातात आणि पुष्कळदा शाळाच सुटते.

गडचांदूर हे गाव डोळ्यांसमोर ठेवून आपण हा रस्ता शोधू या. कोरपना तालुक्यातल्या या गावाभोवती सिमेंटचे कारखाने आहेत, कापसाची शेती आहे, आणि माणिकगडच्या डोंगरात कोलाम व गोंड वस्त्या आहेत. कायम कामगार, ठेकेदाराकडचे मजूर, शेतकरी आणि आदिवासी अशा सर्वांची मुले इथे एकाच बाकावर बसतात.

किती मुलांचा प्रश्न?

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. महाराष्ट्र या पाहणीत नव्हता, म्हणून हा आकडा आपल्या शाळेला तंतोतंत लागू पडेल असे नाही. पण अंदाजासाठी तो धरला, तर ४०० मुलांच्या माध्यमिक शाळेत २९ मुले होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा वर्ग. शाळेला इतकी मुले कधीच दिसत नाहीत, कारण त्यांतली बहुतेक दंगा करत नाहीत. प्रौढांविषयी याच पाहणीने सांगितले की उपचाराची गरज असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांना तो मिळत नाही.

वय महत्त्वाचे आहे. आयुष्यात केव्हाही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे आजार सुरू होतो तेव्हा मूल शाळेत असते.

मग वयात येतानाची चिडचिड आणि आजार यांत फरक कसा करायचा? तीन प्रश्न उपयोगी पडतात. बदल किती दिवस टिकला? दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच असेल तर लक्ष द्यावे. तो किती ठिकाणी दिसतो? फक्त गणिताच्या तासाला, की घरी, मैदानावर, मित्रांतही? आणि त्यामुळे काय थांबले? झोप, जेवण, अभ्यास, खेळ, बोलणे यांपैकी काही बंद पडले असेल तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये. निदान करणे शिक्षकाचे काम नाही, पण ह्या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांपेक्षा शिक्षकाकडेच अधिक असतात.

खर्च कुठे होतो?

मानसोपचार महाग, असे सर्वजण म्हणतात. तो नेमका कुठे महाग आहे हे पाहण्यासाठी साधे गणित मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे आकडे घालून ते वर्गातही सोडवता येईल.

समजा, बाप मुलाला घेऊन महिन्यातून एकदा, याप्रमाणे सहा महिने चंद्रपूरला खाजगी डॉक्टरांकडे जातो. अंतर ४०-४५ किलोमीटर. डॉक्टरांची फी ५०० रुपये, औषधे ४००, दोघांचा प्रवास व चहापाणी ३००, बापाची बुडालेली मजुरी ४००. एका खेपेचे १,६०० रुपये आणि सहा खेपांचे ९,६०० रुपये झाले. आता फी व औषधे पूर्ण मोफत धरू. तरी प्रवास व मजुरीचे ७०० रुपये राहतातच. सहा खेपांचे ४,२०० होतात. उपचार फुकट, पण खर्च जवळजवळ निम्मा शिल्लक! तिसऱ्या खेपेला मजूर बाप येत नाही तो बेफिकीर असतो म्हणून नव्हे.

आता तिसरी रीत पाहू. पहिली तपासणी चंद्रपूरला आणि पुढच्या पाच गावातच. अर्ध्या दिवसाची मजुरी २०० आणि जाण्यायेण्याचे ६० धरले तर ७०० अधिक १,३००, म्हणजे २,००० रुपये होतात. ९,६०० वरून ४,२०० वर आपण आलो ते फी व औषधे मोफत धरल्यामुळे, आणि ४,२०० वरून २,००० वर आलो ते अंतर कमी केल्यामुळे. उपचार परवडणे हा पैशाइतकाच अंतराचा प्रश्न आहे. आई सोबत गेली तर एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, हेही हिशेबात धरावे.

कायदाही हेच म्हणतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १८ नुसार रुग्णाला, आणि त्यात मुलेही आली, उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. सेवा घराजवळ असावी. दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी मानसिक आरोग्यसेवा मोफत मिळण्याचा हक्क आहे, त्याच्याकडे तसे कार्ड असो वा नसो. कागदावरचा हक्क आपोआप गावात उतरत नाही हे खरे, पण तो माहीत असला तर मागता येतो.

जवळून लांब जाणाऱ्या पायऱ्या

पहिली पायरी गावातलीच आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांच्या कामात मानसिक आरोग्याचा समावेश आहे. गडचांदूरला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. दहा ते एकोणीस वयोगटासाठीच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१४) समुपदेशनाची सोय धरलेली आहे. आपल्याकडे अशा केंद्रांना 'मैत्री' असे नाव आहे. वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येणारे बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वाढीतले व शिकण्यातले अडथळेही पाहते. ते येण्याआधीच आपण पाहिलेल्या मुलांची नोंद तयार ठेवावी.

दुसरी पायरी जिल्ह्याची. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सने केलेल्या प्रयोगावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या मनोरुग्णालयाऐवजी जिल्हा पातळीवर छोटे पथक ठेवायचे आणि त्याने ठरावीक दिवशी खालच्या रुग्णालयांत जायचे, ही त्यामागची कल्पना. आपल्या जवळच्या रुग्णालयात हे पथक कोणत्या दिवशी येते, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने विचारून घ्यावा. वर केलेल्या गणिताची तिसरी रीत या एका उत्तरावर अवलंबून आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तिसरी पायरी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय, सुमारे दोनशे किलोमीटरवर. तीव्र आजारात त्याची गरज पडते, पण बहुसंख्य मुलांना तिथवर जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे रुग्णालय शोधग्राम येथे आहे, आणि २०१६ मध्ये सुरू झालेले 'मुक्तिपथ' अभियान दारू-तंबाखूच्या व्यसनावर काम करते. घरातले व्यसन हे मुलाच्या दुखण्याचे कारण असते तेव्हा हा दुवा मोलाचा ठरतो.

आणखी एक पायरी घरातच आहे, ती म्हणजे टेलिफोन. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. मराठी, हिंदी, तेलुगू यांसह अनेक भाषा तिथे आहेत, आणि सीमेवरच्या तालुक्यात ही मोठीच सोय आहे.

सरकारी आरोग्य विमा योजनांविषयी एक खुलासा करायला हवा. त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी असतात. मानसिक उपचार बहुतांशी बाहेरूनच चालतात, म्हणून पिवळे-केशरी कार्ड असूनही इथे फारसा उपयोग होत नाही. ज्या कामगारांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांच्या कुटुंबांना मात्र बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पालकांना हे जरूर सांगावे.

उपचार म्हणजे काय?

मानसोपचार म्हणजे विजेचे झटके आणि आयुष्यभर झोपेच्या गोळ्या, असा समज खेड्यात आणि शहरातही आहे. प्रत्यक्षात सौम्य नैराश्य व चिंतेत बोलण्याचे उपचार प्रथम येतात: अडचण नेमकी ओळखणे, तिचे तुकडे करणे, बंद पडलेली कामे एकेक करून पुन्हा सुरू करणे. आजार मध्यम वा तीव्र असेल तर गोळ्या लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून विचारल्याशिवाय बंदही करू नयेत. फेफरे हा तर मेंदूचाच विकार आहे आणि त्यावरच्या गोळ्या स्वस्त आहेत. घरच्यांना पुजाऱ्याकडे जायचे असेल तर वाद घालू नये. 'तिकडेही जा, पण गोळी चुकवू नका' एवढे म्हटले तरी पुष्कळ काम होते.

शिक्षकाने कितपत करावे?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. शिक्षकानेच समुपदेशक व्हावे का? बिहारमध्ये ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली स्वतंत्र व्यक्ती नेमली होती, काहींत तेच काम शिक्षकांकडे दिले होते. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य व मारहाण कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. याला शिक्षकांचा दोष म्हणता येणार नाही. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो आणि शिवाय जनगणनेला जातो, त्याच्यापुढे मूल मन कितपत उघडे करील, आणि त्याला ऐकायला वेळ तरी किती उरेल?

दुसरा दाखला विदर्भातलाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्य ओळखायला, धीर द्यायला आणि पुढे पाठवायला लावले. नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते. अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. डॉक्टरांची संख्या सहापट झाली नव्हती. मधला दुवा तयार झाला होता.

दोन्ही प्रयोग एकत्र वाचले तर शिक्षकाची जागा कळते. शिक्षकाने उपचार करू नयेत. ओळखावे, ऐकावे, पोचवावे आणि पुन्हा विचारपूस करावी. मुलाशी एकट्याने, पण दार उघडे ठेवून बोलावे. त्याचे बोलणे स्टाफरूममध्ये नेऊ नये. गोंडी-कोलामी बोलणाऱ्या मुलाला आपला त्रास मराठीत सांगता येईलच असे नाही, म्हणून त्याच्या भाषेतले विश्वासाचे माणूस गाठावे. पालकांना 'तुमच्या मुलाचे डोके बिघडले' असे न म्हणता 'तो तीन आठवडे झोपत नाही, जेवत नाही' असे दिसलेले सांगावे.

मूल जगणे नको असे बोलले तर मात्र थांबू नये. विचारल्याने तसा विचार मनात येतो ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने मुलाला मोकळे होता येते. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी पालकांना बोलवावे, रुग्णालयात न्यावे किंवा १४४१६ ला फोन करावा. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवायला सांगावे. कापसाच्या पट्ट्यात ही सूचना फार महत्त्वाची आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशके बाजारातून काढल्यावर १९९५ नंतरच्या दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

या महिन्यात शाळेने एवढे करून पाहावे. एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्य पथक येण्याचा दिवस, 'मैत्री' केंद्राची वेळ, जिल्ह्याच्या बाह्यरुग्ण विभागाचा वार, आणि १४४१६. यातली एखादी ओळ भरता आली नाही, तर ती माहिती मुख्याध्यापकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र पाठवून मागवावी. कागद भरला की तो मुलांना दिसेल अशा जागी लावावा.