मानणे निराळे, विसंबणे निराळे

श्रद्धा सर्वांची एकाच जातीची नसते, हे गीतेच्या वाचकास निराळे सांगावयास नको. गीतेच्या सतराव्या अध्यायाचे नावच 'श्रद्धात्रयविभागयोग' असे असून सात्त्विक, राजस व तामस या तीन श्रद्धांचे विवेचन आपल्या घरोघरी परिचयाचे आहे. नाताळच्या निमित्ताने आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत तो याच्याच जवळचा एक विचार होय. ख्रिस्ती धर्मानेही आपल्या अनुयायास 'तुझा विश्वास आहे काय?' एवढेच विचारलेले नाही. 'तो कोणत्या प्रकारचा आहे?' हेही विचारले आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात श्रद्धेसाठी 'विश्वास' हाच शब्द विशेष रूढ आहे. मूळ ग्रीक 'नव्या करारा'तील शब्द 'पिस्तिस'. एखादी गोष्ट खरी मानणे, कोणावर भरवसा टाकणे आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहणे, हे तिन्ही अर्थ त्याच्या पोटी आहेत.

प्रॉटेस्टंट पंथाच्या जुन्या शास्त्र्यांनी विश्वासाचे चार प्रकार सांगितले. पहिला ऐतिहासिक विश्वास. येशूचा जन्म झाला, त्याला क्रूसावर खिळले, ग्रंथात लिहिले आहे ते खरे आहे, असे बुद्धीने मान्य करणे एवढाच त्याचा आवाका. याकोबाच्या पत्रात याविषयी मोठा कठोर दृष्टान्त आहे: ईश्वर एक आहे हे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात! दुसरा तात्कालिक विश्वास. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी झटकन उगवते, परंतु मूळ खोल नसल्याने उन्हाने करपून जाते, त्यासारखाच हा. तिसरा चमत्काराविषयीचा विश्वास. त्याची थोरवी मान्य करूनही संत पौलाने करिंथ येथील मंडळीस बजावले, की डोंगर हलविणारा विश्वास असला, पण प्रीती नसली, तर माणूस काहीच नव्हे.

चौथा तो तारक विश्वास. ज्ञान, संमती आणि भरवसा ही त्याची तीन अंगे. नदीकाठी उभे राहून 'नाव बळकट आहे' असे म्हणणे ही संमती झाली. नावेत पाय ठेवून नावाड्यावर विसंबणे हा भरवसा झाला. पैलतीर गाठतो तो दुसराच. कॅथलिक परंपरेत तेराव्या शतकातील थोर आचार्य संत थॉमस अक्वायनस यांनीही प्रीतीने सजीव झालेला विश्वास आणि प्रीतीविना निर्जीव राहिलेला विश्वास असा भेद केला आहे.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेपुरता राहिला नाही. मनुष्य ईश्वरापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, की विश्वासासोबत सत्कृत्येही लागतात, या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. मार्टिन ल्यूथर यांनी विश्वासाचा पक्ष इतक्या आग्रहाने मांडला, की कृतीवाचून विश्वास मृत आहे असे सांगणाऱ्या याकोबाच्या पत्रास त्यांनी १५२२ साली गवताच्या काडीचे मोल दिले. तथापि खरा विश्वास सत्कर्म केल्यावाचून राहूच शकत नाही, हेही ल्यूथर यांचेच म्हणणे होते. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरपंथीय प्रतिनिधींनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. तारण ईश्वरकृपेने लाभते आणि सत्कृत्ये ही त्याची फळे होत, यावर त्यांचे एकमत झाले. चारशेहून अधिक वर्षांचा कलह एवढ्या वाक्यापाशी येऊन शमावा, हे चिंतनीय आहे.

आपल्या महाराष्ट्रात या भेदाचा प्रत्यय देणारे चरित्र पंडिता रमाबाईंचे आहे. संस्कृत विद्येने कलकत्त्याच्या पंडितांस थक्क करणाऱ्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराविषयी त्या काळी महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. परंतु पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःविषयी जे लिहिले, ते कोणत्याही टीकाकारापेक्षा परखड आहे. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, अशा आशयाची ती कबुली आहे. बुद्धीस पटलेल्या मतापासून अंतःकरणाच्या भरवशापर्यंत पोहोचण्यास त्यांना सुमारे आठ वर्षे लागली. त्या भरवशाचे फळ केडगावच्या मुक्ती सदनात दिसले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना तेथे अन्न, विद्या आणि आसरा मिळाला.

मग ज्याचा विश्वास डळमळतो, त्याने काय करावे? मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाला घेऊन आलेल्या एका पित्याची कथा आहे. तो रडत रडत येशूला सांगतो, की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात तूच मला साहाय्य कर. या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाची परीक्षा घेत येशू थांबला नाही. मूल बरे झाले. ज्या घरात रुग्णाच्या उशाशी रात्री जागविल्या गेल्या आहेत, त्या घरास या पित्याचे शब्द परके वाटणार नाहीत. विश्वासाच्या प्रकारांची चर्चा शास्त्र्यांनी कितीही सूक्ष्म केली असो, आपला विश्वास अपुरा आहे हे ओळखून तो ईश्वराच्याच हाती सोपविणे, हाही ख्रिस्ती परंपरेने खरा विश्वासच मानला आहे.