चेंजलॉग: चौघांची एकच पद्धत हवी!

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' कोणाकडे नाही? सबमिशनच्या आदल्या रात्री कोड बंद पडतो आणि काल कोणी काय बदललं ते कोणालाच आठवत नाही. उपाय एकच: चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही. पण चौघांनी ती चार तऱ्हांनी लिहिली, तर असून नसल्यासारखीच.

साधी तारीख बघा. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे! म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०१४ सालच्या 'कीप अ चेंजलॉग' या नियमावलीत हेच सांगितलंय. ताजी आवृत्ती सर्वांत वर आणि मथळे सहाच: नवीन, बदललेलं, लवकरच बंद होणारं, काढून टाकलेलं, दुरुस्त केलेलं, सुरक्षा.

'बग काढला' एवढंच लिहू नका. 'रोल नंबर रिकामा ठेवला की प्रोग्रॅम बंद पडायचा, ते दुरुस्त केलं' असं लिहा. आपल्या पवईच्या आयआयटीतलं ई-सिम पूर्वी ऑस्कॅड नावाने ओळखलं जायचं. जुनं नाव शोधणाऱ्याला अशी एक ओळही वाट दाखवते.

तेव्हा आज रूमवर चहा घेतानाच चौघांनी पद्धत ठरवून टाका. पुढच्या वर्षी ज्युनियर हाच कोड उघडतील, तेव्हा विचारायला तुम्ही हॉस्टेलवर नसाल!