गोमंतकीय गायक-गायिका आणि गावांची नावे

ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, पतियाळा ही गावांची नावे आहेत आणि हिंदुस्थानी संगीतातील घराणीही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. गोव्यातील गावांच्या वाट्याला हा मान आला नाही. तेथील गावांची नावे घराण्यांना लागली नाहीत, ती गाणाऱ्या व्यक्तींना लागली. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या, पेडणे महालातील मालपे या खेड्याचे नाव अंजनीबाई मालपेकरांबरोबर देशभर पोचले, आणि मंगेशीचे नाव दीनानाथांनी आडनाव म्हणून घेतल्यामुळे आज ते ज्या घरांत पोचले नाही असे मराठी घर सापडणे कठीण. अवघे 3,702 चौरस किलोमीटर क्षेत्रफळ असलेल्या या प्रदेशाने विसाव्या शतकाला एवढे श्रेष्ठ गायक द्यावेत, आणि तरीही 'गोवा घराणे' या नावाची वस्तू अस्तित्वात नसावी, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु याच विसंगतीत एखाद्या प्रदेशाची सांगीतिक समृद्धी नेमकी कशाची बनलेली असते, या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर निसर्गाचे असते. समुद्राची गाज, माडांची बने आणि पाऊस यांनी गोमंतकीयांच्या कंठात सूर घातला, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. हे विधान काव्य म्हणून गोड आहे. कारणमीमांसा म्हणून ते टिकत नाही. तोच समुद्र, तोच पाऊस आणि तेच माड रत्नागिरीपासून कारवारपर्यंत सर्वत्र आहेत. शिवाय गोव्यातही ही समृद्धी सारखी पसरलेली नाही. केरी, मंगेशी आणि बांदिवडे ही तिन्ही गावे एकट्या फोंडा तालुक्यात, म्हणजे जुन्या अंत्रुज महालात येतात. निसर्गाने एकाच महालावर एवढी मर्जी करण्याचे कारण नाही. कारण शोधावयाचे तर ते इतिहासात शोधले पाहिजे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी आणि बारदेश या आपल्या ताब्यातील भागांत देवळे पाडण्यास प्रारंभ केला, तेव्हा अनेक देवस्थाने नदीपलीकडे, त्यांच्या सत्तेबाहेरील मुलखात हलविण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. फोंडा महाल त्या वेळी आदिलशाही अमलाखाली होता आणि पोर्तुगीजांच्या हाती तो 1763 पर्यंत गेला नाही. नव्या काबिजादींपैकी तो एक होय. त्या काळापर्यंत पोर्तुगीज राजवटीचे धर्मविषयक धोरण पूर्वीइतके कठोर राहिले नव्हते. परिणामी एका लहानशा डोंगराळ टापूत मोठमोठ्या देवस्थानांची दाटी झाली आणि ती तशीच टिकली. देवस्थान म्हटले की पालखी आली, जत्रा आली, नगारखाना आला, कीर्तन आले, आणि ही सारी सेवा वर्षभर अखंड चालविणारी माणसे आली.

ही माणसे कोण होती, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे, कारण गौरवपर लेखनात नेमका हाच भाग संकोचाने गाळला जातो. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कुटुंबांतील कलावंतिणी गायन व नृत्य करीत. भाविणींकडे दिवाबत्तीसारखी इतर कामे असत. पुरुष वाद्ये वाजवीत. या स्त्रियांना विवाहाचा अधिकार नव्हता. त्यांची कला देवासाठी असे. उपजीविका मात्र बहुधा एखाद्या धनिकाच्या आश्रयावर चाले. समाज त्यांचे गाणे ऐकत असे आणि त्यांना आपल्या पंक्तीबाहेर ठेवीत असे. ज्या काळात प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतील मुलीने चारचौघांत गाणे म्हणणे हा कलंक समजला जाई, त्या काळात केवळ याच घरांतील मुलींना गाणे हा कर्तव्याचा भाग म्हणून शिकविले जात होते. गोमंतकीय गायिकांच्या परंपरेचा पाया हा असा अन्यायावर उभा आहे, आणि तो दृष्टीआड करून तिचा विचार करता येत नाही.

अशा घरात वाढणाऱ्या मुलीस कोणी उस्ताद भेटण्यापूर्वीच बरेच काही मिळालेले असे. आई आणि मावशी यांचे गाणे तिच्या कानांवर सतत पडे. घरातील पुरुष सारंगी किंवा तबला वाजवीत, त्यामुळे साथीची ओळख वेगळी करून घ्यावी लागत नसे. विशेष महत्त्वाची गोष्ट म्हणजे लय. घुमट, शमेळ आणि कांसाळे यांच्या मेळावर चालणारे सुंवारीवादन असो की चतुर्थीच्या आरत्या असोत, गोव्यातील मुलाच्या अंगात ताल हा अक्षरओळखीच्या आधी मुरतो. या लयसंस्काराची पराकाष्ठा पाहावयाची तर ती खाप्रूमामा पर्वतकरांच्या ठिकाणी. दोन हातांनी, पायांनी आणि मुखाने एकाच वेळी निरनिराळे ताल चालविण्याचे त्यांचे सामर्थ्य पाहून भल्याभल्या उस्तादांनी मान तुकविली. 1953 मध्ये निधन पावलेला हा लयपंडित देवळाच्याच परिसरात घडला होता. कोणत्याही विख्यात तबलाघराण्याच्या वंशावळीतून तो आलेला नव्हता.

परंतु ख्याल देवळात मिळत नव्हता. रागविस्ताराची शिस्तबद्ध विद्या उत्तरेकडील मुसलमान गायकांच्या कुळांत होती आणि ती कुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानांतून मुंबईकडे सरकू लागली होती. मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू भेंडीबाजारात स्थायिक झाले. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1922 नंतर, कोल्हापूर सोडून मुंबईस आले. मुंबईत धनिक व्यापाऱ्यांचा आश्रय होता, नाटक मंडळ्या होत्या, ध्वनिमुद्रिकांचा धंदा होता. शिवाय मोठ्या शहरात माणसाची जात आणि कूळ थोडेफार झाकले जाते, हाही लाभ लहान नव्हता. गोव्याहून आगबोटीने मुंबई गाठणाऱ्या मुलींजवळ तयार कान, पक्की लय आणि गाण्यावाचून दुसरा सन्मानाचा मार्ग नसल्याची तीव्र जाणीव होती. उस्तादांजवळ विद्या होती. या दोहोंची गाठ मुंबईत पडली. गोव्याने शैली निर्माण केली नाही, ती ग्रहण करू शकणारी व्यक्ती निर्माण केली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

अंजनीबाई मालपेकर (1883–1974) यांचे उदाहरण या बाबतीत आरंभीचे ठरते. त्यांनी नजीर खाँकडून भेंडीबाजार घराण्याची तालीम घेतली, तरुणपणीच मोठी कीर्ती मिळविली आणि गुरूंच्या मृत्यूनंतर मैफली सोडून अध्यापन पत्करले. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना अधिछात्रवृत्तीचा सर्वोच्च मान दिला. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर हे दोघेही त्यांच्याजवळ शिकले, हे ध्यानात घेतले म्हणजे गोमंतकातून आलेली विद्यार्थिनी एका पिढीत गुरुस्थानी कशी पोचली ते दिसते.

केसरबाई आणि मोगूबाई यांचा विचार मात्र एकत्रच करावा लागतो. दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादिया खाँच्या शिष्या, दोघींचे घराणे जयपूर-अत्रौली. असे असूनही दोघींच्या गाण्यात जमीन-अस्मानाचे अंतर. केसरबाईंनी (1892–1977) बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे काही महिने, पुढे रामकृष्णबुवा वझे, सतारिये बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांच्याकडे, अशी खंडित तालीम घेतली. 1921 पासून मात्र अल्लादिया खाँची विद्या खाँसाहेबांच्या मृत्यूपर्यंत, 1946 पर्यंत, संपादन केली. खुला, भरदार आकार, दीर्घ दमसास आणि श्रोत्याला दबवून टाकणारा मैफलीचा रुबाब ही त्यांची वैशिष्ट्ये. नभोवाणी आणि ध्वनिमुद्रण यांविषयी त्यांना प्रेम नव्हते. त्यामुळे त्यांचे गाणे थोड्याच मुद्रिकांत उरले. त्यांपैकी भैरवीची एक मुद्रिका 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठविण्यात आली. त्यांच्या कलेचा हा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल; या घटनेचा उल्लेख सर्वत्र होतो, परंतु त्यांच्या आकारलावाचे विश्लेषण फारसे कोणी करीत नाही.

मोगूबाईंचा (1904–2001) मार्ग अधिक खडतर होता. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या. मुलीने थोर गायिका व्हावे हा तिचा ध्यास. तिने मुलीस भजनांची तालीम मिळवून दिली, नाटक मंडळीत घातले, आणि 1914 मध्ये तिचे निधन झाले. सांगलीच्या मुक्कामात अल्लादिया खाँनी मोगूबाईंचे गाणे ऐकले आणि स्वतः होऊन शिकविण्यास आरंभ केला. खाँसाहेब सांगलीहून गेल्यावर मोगूबाई त्यांच्या मागोमाग मुंबईस आल्या. मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडेही शिकल्या आणि अखेर पुन्हा अल्लादिया खाँकडे परतल्या. त्यांच्या गाण्यात लयीच्या प्रत्येक मात्रेचा हिशेब आहे, आणि तो हिशेब दाखविण्याचा मोह नाही. केसरबाईंनी शिष्यवर्ग जवळजवळ निर्माणच केला नाही. धोंडूताई कुलकर्णी हे एकच ठळक नाव. मोगूबाईंनी कन्या किशोरी, कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर अशी पुढील पिढी उभी केली.

येथे घराण्याच्या वंशावळीची एक उणीव जाणवते. त्या वंशावळीत मोगूबाईंच्या नावावर रेघ ओढून अल्लादिया खाँचे नाव लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु जयश्रीबाईंसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. विद्येचा स्वीकार करण्याची पात्रता ज्यांनी घडविली त्या माता, मावश्या आणि घरचे साथीदार यांची नोंद घराण्याची परिभाषा करू शकत नाही. ती नोंद करण्यास 'प्रदेश' हीच संज्ञा लागते. शिष्येच्या आडनावात राहिलेले गावाचे नाव हीच बहुधा त्या अलिखित शिक्षणाची एकमेव खूण असते.

देवळाचे ऋण केवळ कलावंत कुळांपुरते नव्हते, हे मंगेशीच्या उदाहरणावरून कळते. दीनानाथांचे (1900–1942) वडील त्याच देवळाचे पुजारी. आई येसूबाई कलावंत समाजातील. बाबा माशेलकरांकडे प्रारंभिक शिक्षण घेऊन ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि 1918 मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. त्याच गावच्या पुरोहितकुळात 1929 साली जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकींना पहिला संस्कार मिळाला तो वडिलांच्या कीर्तनाचा. आग्रा परंपरेतील गुरूंकडे शिकून 'मत्स्यगंधा' (1964) आणि 'कट्यार काळजात घुसली' (1967) या नाटकांना त्यांनी दिलेले संगीत ऐकताना त्या कीर्तनाची आठवण झाल्यावाचून राहात नाही. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे यांनी 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकातून मराठी रंगभूमीवर भावगीताच्या वळणाचे गाणे आणले. एवढ्याशा मुलखातून गाण्याच्या किती भिन्न जाती निघाल्या, हे यावरून दिसून येईल.

मात्र 'गोव्याचे' हा शब्द जपून वापरावयास हवा. लता मंगेशकरांचा जन्म 1929 मध्ये इंदूरला झाला, किशोरी आमोणकरांचा मुंबईस. त्यांना गोमंतकीय म्हणताना जन्मस्थळाचा नव्हे, घरातून आलेल्या विद्येचा निर्देश होत असतो.

ज्या व्यवस्थेतून हे सारे निर्माण झाले ती व्यवस्था पुढे मोडली, आणि ती मोडण्यास या समाजातीलच सुधारक पुढे आले. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. 'गोमंतक मराठा समाज' हे नाव धारण करून या कुळांनी शिक्षण आणि विवाह यांचा मार्ग धरला. मुलींना गाणे शिकणे वा न शिकणे ही निवड प्रथमच लाभली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली. शास्त्रीय संगीताच्या शिक्षणासाठी आगबोट धरण्याची गरज तेव्हापासून उरली नाही. केसरबाईंच्या नावाचा संगीत समारोह आता गोव्यातच भरतो.

कुर्डी हे गाव मात्र 1980 च्या दशकात साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. गावकऱ्यांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी येथे झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात घरांची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, जुने रहिवासी तेथे उत्सवासाठी जमतात, आणि पावसाळा लागला की गाव पुन्हा पाण्याखाली जाते.